धावदोरा

दि. ९ मे

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद घे, आणि दोन मिनिटं एका जागी बसून वाच. तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, शिलाई मशीन त्याहून जास्त कुरकुरतं, आणि दोघांना एकाच बाटलीतलं तेल चालत नाही. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आहे. दुपारी पत्रा असा तापतो की कात्री हातात धरवत नाही.

तुझ्या नोकरीचं ताईनं, म्हणजे तुझ्या आईनं, फोनवर सांगितलं होतं. पंप तपासत रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकलवर, तेही भर उन्हात! तिनं नाक मुरडलं असणारच. मला मात्र तुझं कौतुक वाटलं. मग पार्सल उघडून तुझी चिठ्ठी वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

आधी तू पाठवलेल्या गाडीवरच्या जॅकेटचं सांगते. हे बदलून आण. काळं, जाड, आत दुहेरी अस्तर. हे थंडीतलं आहे. तुला बहुतेक रुबाब पाहून आवडलं असेल. छाती, पाठ आणि बाह्यांना जाळी असलेलं घे, पण खांदे आणि कोपर, म्हणजे माणूस जिथे आधी आपटतो तिथे, जाड कापडच हवं. रंग फिका बघ. दुकानात आरशासमोर मिरवू नकोस. गाडीवर बसल्यासारखी बस, हात हँडलला लावल्यासारखे पुढे कर. बाही मनगटावरून वर सरकली तर ते जॅकेट तिथेच ठेवून दे. मग कोपराचं पॅड, म्हणजे मार बसू नये म्हणून आत घातलेली गादी, चिमटीत धरून फिरव. जागचं हललं तर जॅकेट ढगळ आहे. हवा खेळते म्हणून ढगळ घेणारे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत. पाठीला नुसता स्पंज असतो बऱ्याचदा, तिथे खरं पॅड मागून घे. आणि पॅडचे खिसे नीट शिवलेत का ते आतून हात घालून बघ.

आता दुसरं. तू लिहिलंयस, "नाहीतर बाबांना करून दिलं होतंस तसं कर ना मावशी, अस्तर काढ आणि जाळी लाव."

म्हणजे तुला आठवतं. नऊ वर्षांची होतीस, काउंटरखाली बसून बटणं निवडत होतीस. मी ते करणार नाही. का नाही, हे लिहायला तीन दिवस लागले आणि दोन कागद फाडले.

तुझे बाबा तेव्हा कारखान्या-कारखान्यांतून घड्याळं दुरुस्त करत फिरायचे. उन्हाळा लागला तसे जॅकेट घेऊन आले. "मेहुणीबाई, हे जॅकेट आहे की भट्टी? काढा ते अस्तर." मी काढलं. पॅडचे खिसे अस्तरालाच शिवलेले होते, हे काढल्यावर लक्षात आलं. इतकी वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईला ते आधी कळायला हवं होतं. मी पॅड जाळीवर धावदोऱ्यानं टाचून ठेवली. धावदोरा म्हणजे कच्चा टाका. कापड तेवढ्यापुरतं जागेवर राहावं म्हणून घालतात, ओढला की निघतो. पक्के खिसे शनिवारी शिवणार होते. बाबा गुरुवारीच आले, घाईत.

"टिकेल ना हे?" त्यांनी विचारलं.

"टिकेल की, जाऊन या," मी म्हणाले. माझ्यासमोर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

वळणावर खडी पसरली होती. बाबा पडले तेव्हा कोपराचं पॅड दंडापर्यंत सरकलेलं होतं. हात वाचला, पण वाकेनासा झाला. घड्याळाचे इवले स्क्रू फिरवणारा उजवा हात, भिंगरी.

ताई ते फाटकं जॅकेट माझ्याकडेच घेऊन आली. "बघ गं, कसल्या दोऱ्यानं शिवतात मेले!" मी फक्त अस्तर काढलं, पॅड कंपनीनंच शिवलेली, असं तिनं धरून घेतलं होतं. मी धरू दिलं. "हल्ली असंच शिवतात," म्हणाले. ती तोंड धुवायला आत गेली तेवढ्यात मी उरलेला दोरा ओढून काढला. पांढरा होता, माझ्याच रिळाचा. ती बाहेर आली तेव्हा तो माझ्या मुठीत होता.

नंतर ती भर बाजारात ते जॅकेट विकणाऱ्या दुकानदाराला वाटेल ते बोलली. तो बिचारा हात जोडून उभा होता. मी ताईच्या शेजारी होते आणि मान डोलावत होते. मला त्या वेळची माझी किळस येते.

बारा वर्षं झाली. तुमच्याकडे आले की बाबा डाव्या हातानं पाण्याचा पेला पुढे करतात. "बसा मेहुणीबाई," म्हणतात. मी तो पेला घेते, पिते, आणि इकडचं तिकडचं बोलून परत येते.

तुझं जॅकेट जसं आलं तसं परत पाठवतेय. एक टाकाही उसवलेला नाही, दुकानदार बदलून देईल. नव्यातही उकडेलच. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण रागाच्या भरात ते अंगातून काढून गाडी चालवू नकोस. एवढं माझं ऐक.

रविवारी सकाळी मी येतेय. ताईला आणि बाबांना समोर बसवून माझ्या तोंडानं सांगणार आहे. तोवर घरात काही बोलू नकोस. पण हे पत्र जपून ठेव. मी आदल्या दिवशी आजारी पडले, तर तूच ते दोघांना वाचून दाखव. आणि येऊन नुसती हवापाण्याच्या गप्पा मारत बसले, तर सगळ्यांसमोर ते माझ्या हातात दे आणि मोठ्यानं वाचायला लाव. मी स्वतःला चांगली ओळखते.

त्यानंतर मला दारात उभं करायचं की नाही, ते तुम्ही तिघं ठरवा.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
मावशी