विहिरीपलीकडची परसजागा

मी तुळसीबाई, कै. कल्याणरामराव यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कुंभकोणम. डोके ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही. उलट मुलगा शशांक "लिहू नका, अम्मा" म्हणत दाराशी उभा आहे. तरी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते.

१. राहते घर पुढच्या ओट्यासकट शशांकला. शिवणयंत्र व रेशमी लुगडी सून शिवकामीला. हिरवे लुगडे मात्र नाही. त्याला तिने नाक मुरडले होते.

२. विहिरीपलीकडची परसजागा पतीने बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. तिथे शशांकला यात्रेकरूंसाठी खोल्या बांधायच्या आहेत, आणि जुना संडास रंगवून, पितळी तांब्या मांडून पाहुण्यांना 'पूर्वीचा काळ' दाखवायचा आहे. तो काळ असा होता.

विटाळ घरात येऊ नये म्हणून संडास साठ पावले लांब. बायकांनी उजाडण्याआधी जाऊन यायचे. खाली टोपली, मागे गल्लीकडे लोखंडी झडप. त्या झडपेतून अंजलै रोज मैला काढून डोक्यावरून नेई. परसात पाऊल टाकायची तिला मनाई होती. लग्नानंतर तीन वर्षांत मी तिचे हात पाहिले होते, तोंड नाही.

१९६९ साली, आठवा महिना सरताना, भर दुपारी मला तिथेच वेणा आल्या. आतली कडी अडकली. घरापर्यंत हाका पोचेनात. तेवढ्यात झडप वाजली. घरी आम्ही मराठी बोलत असू, पण मी तिच्या तमिळमध्ये ओरडले, "अंजलै, आत ये!"

"आले तर मारतील, अम्मा."

"ये!"

तिने परसाचे गल्लीकडचे दार मोडले, मग संडासाचे. माझ्या तांब्यातल्या पाण्याने हात धुतले. मूल बाहेर आले, पण रडेना. तिने त्याच्या तोंडातला चिकटा काढला, फुंकर घालत राहिली. मग ते रडले. तो शशांक.

सासूबाई धावत आल्या. "ही आत कशी?" सासऱ्यांनी मला विचारले, "तू बोलावलीस?"

मी भ्याले. "नाही," म्हणाले.

अंजलैला गल्लीत मारले. सगळ्या घरांनी तिचे काम तोडले. ती चोळपुरमला गेली, तिथेच वारली. बाळंतपण माजघरात झाले असे सर्वांना सांगण्यात आले.

३. ती परसजागा, गल्लीच्या दारासह, अंजलैची मुलगी मल्लिका, राहणार चोळपुरम, हिला कायमची. संडास ठेवायचा की पाडायचा, तिने ठरवावे. या पोंगलनंतर मी तिच्या दारी गेले होते. तिने बसा म्हटले नाही. "आईने चोरीसाठी दार मोडले, असे लोक म्हणत. खरे काय?" एवढेच विचारले. तिथेही माझी जीभ उचलली नाही. इथे लिहिते: मीच बोलाविले होते.

४. साक्षीला आलेले दीर एकोजीराव दुसरे कलम ऐकून उठले. "घराण्याची अब्रू गल्लीत मांडता, वहिनी?" म्हणत कॉफी तशीच टाकून गेले. त्यांच्या जागी शेजारच्या लक्ष्मीप्रिया सही करतील.

५. सहीआधीची भर. शशांकने हे सगळे वाचले. "छप्पन्न वर्षं मला सांगितलं नाहीत," म्हणाला, आणि बाहेर गेला. तासाभराने रिक्षा घेऊन आला. अजून माझ्याकडे पाहत नाही. रिक्षावाल्याला मात्र त्याने सांगितलेले मी ऐकले: "आधी चोळपुरम. नोंदणी कचेरी नंतर."

सही: तुळसीबाई
साक्षीदार: लक्ष्मीप्रिया (शेजारी), शंकरनारायण (वकील)
कुंभकोणम, ११ मार्च २०२६