साडेतीन फूट भिंत आणि दोनशे लिटर खारं पाणी

रोज साडेआठ येऊच शकत नाही, दादा. फोनवर तीनदा सांगून झालं, आता कायद्याच्या कागदावर चौथ्यांदा सांगतो. सलग एकोणीस दिवस तू मला माशांच्या टाकीतल्या पाण्याचा एकच आकडा पाठवलास आणि वर म्हणालास, "चांगला आकडा आहे ना, मग कुरकुर कसली?" थेंब न मोजता ठोकून दिलेला आकडा चांगलाच असतो. पण तो मुद्दा चौथ्या कलमात. आधी कागदाची रीत पाळतो.

लिहून ठेवणार मी, वय वर्षं चोवीस, शिक्षण सातवी, तीही पुरी नाही, काम मोठ्या मत्स्यालयात काचा घासायचं. घरात मला खाऱ्या म्हणतात. मी शुद्धीवर आहे, प्यायलेलो नाही, कुणी धाक घातलेला नाही. डोकं ठिकाणावर आहे. दादाचं मत वेगळं असलं तरी ते इथे धरू नये. मरायचा काडीचाही विचार नाही. पण आज अकरा वाजता मी बोटीने चाळीस दिवसांसाठी खऱ्या समुद्रात पोवळी लावायला चाललोय, आणि पाण्याखाली उतरणाऱ्याने मृत्युपत्र द्यावं असा कचेरीचा नियम आहे. कारकुनाने अर्धा कागद दिला. मी म्हटलं, एवढ्यात माझं मावणार नाही, आणखी चार द्या. तो म्हणाला, "अशी किती इस्टेट आहे तुझी?" मी म्हटलं, दोनशे लिटर.

कलम एक. वडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या पश्चात दादाला जावा. त्यातून टाकीमागची साडेतीन फूट भिंत, तिच्यावरचा प्लग आणि शेजारची खिडकी वगळावी. ही तीन वहिनींची. दादा, तू नेहमी म्हणतोस, "भिंत माझी, विजेचं बिल माझं, आणि मासे धाकट्या साहेबांचे." आता भिंतही तुझी राहिली नाही. त्या जागी तुला शिलाईची दुसरी मशीन लावायची आहे आणि त्यासाठी टाकी दातांच्या डॉक्टरांना विकायची आहे, हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. घरात दोनच माणसं आहेत आणि एक तू आहेस.

कलम दोन. टाकी, तिच्यातलं पाणी, दगड, दोन जोकर मासे आणि सगळी पोवळी वहिनींना. डॉक्टरांना नाही. त्यांच्याकडे दाढ उपटून घ्यायला बसलेला माणूस मासे बघेल, पाणी कोण बघणार? मोठं पोवळं दुकानदाराने फेकायला काढलं होतं तेव्हा ते माझ्या नखाएवढं होतं. आता मुठीएवढं झालंय. चार वर्षांत मी सात नोकऱ्या सोडल्या आणि दादा म्हणाला, "ज्याचं बूड एका जागी टेकत नाही तो पाण्याला म्हणतो स्थिर राहा." खरं आहे. पण ते एक पोवळं मी सोडलं नाही. हेही लिहून ठेवावं.

कलम तीन. पाण्याबद्दल. वहिनी, तुम्हाला हे येतं, तरी कागदावर असू द्या.

टाकीतून उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या, गाळलेल्या पाण्याची. "खाऱ्या टाकीत खारंच घालायचं ना?" असं विचारणाऱ्याला झाकण उघडू देऊ नये. दोन बाटल्या दोन वेळी. सोड्याची सकाळी, चुन्याची संध्याकाळी; पोवळं या दोन्हींतून आपलं हाड बांधतं. दोन्ही एकदम ओतल्या तर पाण्यातच खडू तयार होतो. दादाने वेळ वाचवायला तेच केलं आणि टाकीचं दूध झालं. मग दुकान बंद ठेवून बादलीने चाळीस लिटर पाणी बदलत बसला आणि मला अवाक्षर बोलला नाही. तेही मला कळलंय.

खिडकी चार बोटं उघडी हवी. खोलीत माणसं जास्त झाली की त्यांच्या श्वासाने पाणी आंबटाकडे झुकतं. मागे पीएच घसरला तेव्हा मी विचारलं होतं, वहिनी, पाहुणे आलेत का? तुम्ही म्हणालात, "अगं बाई, भावजी, तुम्हाला कसं कळलं? आत्याबाईंचं अख्खं बिऱ्हाड आलंय." मी इतक्या लांबून घर असं बघतो. टाकी गेली तर मला घर दिसायचं बंद होईल. एवढंच म्हणणं आहे माझं, बाकी सगळं कायद्याचं आहे.

कलम चार. साडेआठ. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचे, निळ्याचं पिवळं कितव्या थेंबाला होतं त्यावरून सोड्याचा आकडा. पोवळं खातं म्हणून तो उतरतो, आपण घालतो म्हणून चढतो. जिवंत टाकीचा आकडा थोडा तरी हलणारच. विसाव्या दिवशी तुझ्या फोनवरून आठ आला, मग साडेसात, मग पुन्हा आठ, आणि मी ओळखलं, वहिनी मोजायला बसल्या.

आता नीट वाच, दादा. मत्स्यालयात मोठ्या हौदाचं पाणी यंत्र मोजतं. दोन महिन्यांमागे त्याच्यावर सोड्याचा आकडा सलग तीन दिवस आठ पूर्णांक चार दशांश होता. सगळे खूश. मी काच घासता घासता बघितलं आणि घासणं सोडून दिलं. तो आकडा मोजलेला नव्हता, ठोकलेला होता. मी तसाच ओल्या कपड्यांनी प्रयोगशाळेच्या बाईंकडे गेलो.

"बाई, यंत्र खोटं बोलतंय."

"तुला काय माहीत?"

"माझा भाऊ असंच बोलतो."

बाई हसल्या, पण थेंब मोजायला बसल्या. निळ्याचं पिवळं साडेसहालाच झालं. यंत्राच्या टोकावर चुन्याचं कवच चढलं होतं. बाई म्हणाल्या, "बोटीवर मला मोजणारा माणूस हवाय. येतोस?" मी हो म्हणालो आणि मग विचारलं, कुठे.

म्हणजे तुझ्या एकोणीस थापांनी मला समुद्र मिळाला. काल बाईंनी फोटो दाखवला. आपल्याकडे मुठीएवढं आहे तेच पोवळं तिथे आपल्या खोलीएवढं. माझ्या हातून दोनदा चहा सांडला. थापांबद्दल केलेली सगळी भांडणं मी मागे घेतो. दुधाचं भांडण राहील.

कलम पाच. खारटपणा बघायची नळी वहिनींना. सायकल दादाला, ब्रेक बघून घे. खोलीवरचे कपडे माझ्या सोबत्याला, बाह्या त्याला आखूड होतील. मी परत आलो तर सगळं पुन्हा माझं, सायकलसुद्धा.

वरील मजकूर मी राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहिला, खाडाखोड माझीच.

साक्षीदार: खोलीतला सोबती, उंचीमुळे सगळे ज्याला शिडी म्हणतात (सही केली, बाह्यांवरून कुरकुर केली).
साक्षीदार: प्रयोगशाळेच्या बाई (सही, आणि शुद्धलेखन दोन ठिकाणी).
ठिकाण: कामगारांची खोली, तिसरा मजला. दिनांक एकवीस, सकाळी सव्वानऊ.

ता. क. शिडी म्हणतो, मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालतं. मी तर जिवंत आहे आणि डॉक्टर रविवारी टाकी न्यायला येणार. म्हणून बोटीची आगाऊ मिळालेली सगळी रक्कम आत्ताच पाठवतोय. दादा, मशीन घे. दारामागची जागा मी मनात मोजली आहे, पायडलसकट बसते. डॉक्टरांना तूच नाही म्हण, वहिनींना सांगायला लावू नकोस. रक्कम: सव्वीस हजार चारशे.