बाबांचा होकार

लातूर, ७ एप्रिल २०२५

ती. सिंधुअक्कास,
सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या उशाशीच असतो, म्हणून मुद्दाम पत्र. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, तरी आपण ठरवलेली खूण चोख चालते: खाटेवर एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. संकेताची हीच तर किमया, अक्का! दोघांना एकच नियम ठाऊक असला की अर्थ पोचलाच पाहिजे. भाषाशास्त्राच्या तासाला मी आता हेच उदाहरण देतो.

परवा तिकडे आलो होतो तेव्हा मी त्यांना विचारलं, की तुम्ही आणि आई कायमचं लातूरला माझ्याकडे येता ना? बाबांनी लगेच एक थाप दिली. खोली रंगवून झाली. रविवारी २७ तारखेला जीप घेऊन येतो. दाजींना म्हणावं, सासुरवाडीचा चहा आता विसरा.

लोभ आहेच, त्यात काटकसर नको.

तुझा,
सुदर्शन

अर्धापूर, ११ एप्रिल

चि. सुदर्शनास अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मास्तर लई शिकला, पण बाप कळायचा राहिलाच. अरे, आपल्याकडे मायेने बोलावणाऱ्याला तोंडावर नाही म्हणतं का कुणी? नायगावच्या मामांना बाबा वीस वर्षं 'येऊ की' म्हणत होते, गेले कधी? तुलाही त्यांनी तेच म्हटलं. तू गेल्यापासून जेवण निम्म्यावर आलंय. केळीच्या बागेकडची खिडकी आई लावायला गेली, की तिचा हात धरतात. आई तुझ्या थापा मोजत नाही, तरी त्यांना पाणी हवं की कूस बदलायची, तिला कळतं.

रागावलास तरी जेवून रागव.

तुझी,
अक्का

लातूर, १५ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आधी ओशाळलो, मग चक्क आनंद झाला. खूण अर्थाच्या दारापर्यंत नेते. आत काय आहे ते ऐकणाऱ्याने ताडायचं असतं. कोण, कुणाला, कोणत्या नात्याने उत्तर देतं आहे, हे पाहून. मी थाप मोजली आणि ताडायचं विसरलो. मुलाचं मन मोडू नये म्हणून बाबा आपली बाग सोडायला निघाले होते, अक्का!

जीप रद्द केली. सुट्टी लागताच मीच महिनाभर येतो. बाबांना विचारू नकोस, नुसतं सांग.

तुझ्या मायेचा हक्कदार,
सुदर्शन

अर्धापूर, १९ एप्रिल

चि. सुदर्शनास अनेक आशीर्वाद.

सांगितलं. बाबांनी थाप दिली नाही. नुसतं वर, अंथरुणं ठेवतो त्या माळ्याकडे पाहिलं. आई उठली, तुझी वाकळ काढली आणि उन्हात टाकली.

तुझी,
अक्का