टॅबमधली होडी

३ फेब्रुवारी
पुन्हा बंद पडला! चार्जिंगची तार काढली की टॅब एक प्रकरणही टिकत नाही. होडी वादळात सापडते तिथेच ह्यांचा आवाज तुटला. मी मासे साफ करत होते. हात धुऊन तार लावली, मग पुढचं ऐकलं.

हे आजारी होते तेव्हा मी सकाळी मासे विकायला मालवणच्या बाजारात जायची. तेवढ्या वेळात हे होडीच्या गोष्टीचं अख्खं पुस्तक मोठ्याने वाचून टॅबमध्ये आवाज भरून ठेवत. म्हणायचे, "सांजचा तुका ऐकाक होईत गो." हे गेल्यापासून तोच आवाज लावते आणि पुस्तकात ओळीखाली बोट फिरवते. अशीच वाचायला शिकले. शेवटच्या प्रकरणापर्यंत बोट अजून पोचलेलं नाही. पण ते ऐकून पाठ आहे — होडी परत येते.

६ फेब्रुवारी
ह्यांचा धाकटा भाऊ अजय कुडाळला निघाला होता. त्याला सांगितलं, बॅटरी आण, जुनी टिकत नाही. संध्याकाळी मोठा टॉर्च घेऊन हजर!
"वयनी, तूच सांगलंस मां, बॅटरी हाड म्हणान?"
"मेल्या, टॅबची रे! ह्या टॉर्चातसून तुझो भाव बोलतलो काय?"
दोघंही हसलो. मग तो चहा न घेताच गेला.

७ फेब्रुवारी
टॅबची पाठ फुगली आहे. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या किरणने बघितलं. म्हणाला, बॅटरी फुगली, आता चार्जिंगला लावायचं नाही, पेटेल. नवी मागवावी लागेल. मी टॅब हातातून सोडेना.
"काकी, आवाज खंय जावचो नाय."
ठेवून आले.

८ फेब्रुवारी
घर गप्प. भात करपला.

१२ फेब्रुवारी
टॅब नाही, तर नाही! आपली आपणच वाचते. अडखळते, पण कळतं. आज शेवटचं प्रकरण घेतलं.

१३ फेब्रुवारी
शेवट वाचला. बोट मागे नेऊन पुन्हा वाचला. पुस्तकात होडी येत नाही. बायको किनाऱ्यावर थांबते, मग टोपली उचलून घरी जाते. एवढंच. पान चिकटलं असेल म्हणून उलटून पाहिलं. मागे कोरं.

१९ फेब्रुवारी
टॅब मिळाला. आवाज शाबूत. शेवटचं प्रकरण लावलं. "आणि लांबवर होडी दिसली" — असं म्हणायच्या आधी हे जरा थांबतात. आजवर मला वाटायचं, पान उलटतायत.