अठ्ठेचाळीस मिनिटं

कोल्हापूर,
शुक्रवार

प्रिय आई,

पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, सगळे ठीक आहेत. अनेकांतचा खोकला गेला. आदितीचा पुढचा दात पडला आणि तो तिनं तुला दाखवायचा म्हणून काडेपेटीत जपून ठेवलाय. फोन सोडून पत्र का, तर अक्का तुझा फोन नेहमी स्पीकरवर टाकते आणि बाळासो भाऊजी पलीकडून त्यात आपलं मत घालतात. मला जे सांगायचंय ते तसं सांगण्यासारखं नाही. तू जयसिंगपूरला अक्काकडे गेलीस त्याला येत्या बुधवारी तीन महिने होतील. दशलक्षण पर्वापुरती जाते म्हणालीस. पर्व संपलं, दिवाळी झाली, तू अजून तिथंच आहेस. का आहेस हे मला ठाऊक आहे. पाहुण्यारावळ्यांत मात्र ते तुझ्या सुनेच्या, सोनलच्या नावावर खपतंय, आणि मी ते खपू दिलंय.

त्या डबड्यापासूनच सुरुवात करतो. आमच्या फाउंड्रीतल्या अमरसिंहचा मुलगा कॉलेजला गेला, म्हणून त्यानं घरातला गेमचा जुना सेट आणि त्याबरोबरचा तो आडवा काळा कॅमेरा मला दिला. हातात काही धरायचं नाही, टीव्हीसमोर उभं राहून नुसता हात फिरवायचा, की पडद्यावरचा गडी बॅट फिरवतो. अनेकांतच्या वाढदिवसाला त्याचे मित्र येणार होते आणि त्यांना तो खेळायला द्यायचा, असा शब्द मी देऊन बसलो होतो. माझा स्वभाव तू जाणतेसच. दिवसभर ड्रॉइंग काढून पोट भरत नाही, घरीही हातात टेप आली की मला चेव चढतो. कॅमेऱ्याची उंची मोजली, वायर फर्निचरच्या मागून फिरवली, उभं राहायच्या जागी फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली. त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, समोर आठ फूट जागा मोकळी हवी. आपला हॉल केवढा! सोफा भिंतीला लावला, टीपॉय गॅलरीत टाकला, तरी खिडकीखालची तुझी कॉट काही केल्या त्या कॅमेऱ्याच्या नजरेतून जाईना.

पहिल्या संध्याकाळी तर किती मजा आली होती, आठवतं? पडद्यावर सूचना आली, उजवा हात वर करा. अनेकांतनं ती मोठ्यानं वाचली, आणि कॉटवर बसल्या बसल्या तूही हळूच हात वर केलास. पडद्यावर दुसरा गडी उभा राहिला. पोरगं ओरडलं, "आज्जीबी आली की गेममदी!" तू चष्मा सारखा करून बघितलंस आणि म्हणालीस, "मी कुटली रं ती, एवढी ताठ?" सोनल स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली आणि हसून हसून दाराला टेकली. मलाही हसू आलं, पण एकदाच. मग तू माळ घेतलीस, बोटं हलायला लागली, की तो दुसरा गडी पुन्हा हजर. खेळ थांबायचा, दोनच चेंडू झाले की परत पहिल्यापासून. चौथ्या वेळी मी तुझ्यावर खेकसलो, "आई, जरा हलू नकोस." बहात्तर वर्षांच्या माणसाला स्वतःच्या कॉटवर हलू नकोस म्हणालो. तू माळ पदराखाली घेतलीस.

दुसऱ्या दिवशी मी गोष्ट सहज काढावी तशी काढली, की मागची खोली आता रिकामीच आहे, तिथं शांत वाटेल तुला. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "हितनं पोरांची बस दिसती. हितंच बरं हाय मला." झालं की! एवढं स्वच्छ उत्तर होतं. मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, वॉशिंग मशीन तिथंच, आणि पोरांचे मोडके बॅट-स्टंपही तिथंच. अण्णा गेल्यावर गावचं घर बंद करून तू आलीस, तेव्हा तू एकच मागणं मागितलं होतंस, की माणसं दिसतील अशा जागी मला ठेव. ते मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं.

आता जरा गावाकडचं सांगतो. तुझ्या सामायिकाचा, त्या मौनातल्या जपाचा, आम्हा दोघा भावंडांना मोठा धाक होता. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून तू आसन टाकून बसायचीस ते अठ्ठेचाळीस मिनिटं. मग दारात कुणी येवो, चुलीवर दूध उतू जावो, तू उठायची नाहीस, बोलायची नाहीस. एकदा खरंच दूध उतू गेलं आणि अण्णांनी बडबडत ते उतरवताना स्वतःचा हात भाजून घेतला, तरी तू डोळे उघडले नाहीस. मी नऊ-दहा वर्षांचा होतो तेव्हा या धाकातून मी एक वाट काढली होती. तू आसनावर बसलीस की समोर येऊन शहाण्यासारखं विचारायचं, "आई, नदीला जाऊ का?" तू गप्प. मग मी अक्काला सांगायचो, आईनं नको म्हटलेलं नाही, आणि पळायचो. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा तू ओला कान धरून पिरगळलास, पण पिरगळता पिरगळता तुला हसू फुटलं. पुढं कितीतरी वर्षं पाहुणे आले की तू हा किस्सा सांगायचीस, आणि शेवटी म्हणायचीस, लबाड हाय पण पोटात काय ठेवत न्हाय.

वाढदिवसाच्या दिवशी मी हाफ डे टाकून घरी आलो. सोनल बँकेत होती, पोरं खालच्या मजल्यावर. तू साडेपाचला जेवलीस, सहाला कॉटच्या बाजूला चटई टाकलीस आणि डोळे मिटलेस. मुलं सात वाजता येणार होती. सातच्या आत तू उठलीच असतीस, म्हणजे वेळ नव्हता असं म्हणायलाही मला जागा नाही. मी पाच मिनिटं दारात उभा राहून तुझ्याकडे बघितलं. मग जवळ आलो, वाकलो आणि अगदी हळू विचारलं, "आई, कॉट आत नेऊ का?" तुझ्या बोटांतला मणी थांबला. एकच क्षण. मग पुढचा सरकला. मी ठरवून त्या वेळी विचारलं, आई. चुकून नव्हे, घाईत नव्हे. तू मोकळी असताना विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तुझ्या तोंडावर मला ते मोडता आलं नसतं.

वॉचमन केरबाला वर बोलावलं. त्यानं तुला बघितलं आणि कॉटला हातच लावेना. म्हणाला, "सायेब, आज्जी बसल्यात की वो. उठू देत, मग उचलूया." मी म्हणालो, विचारलंय त्यांना. त्यानं पायताण काढलं आणि एक बाजू धरली. तुझ्या पाठीमागून आम्ही ती कॉट उचलून नेली. दारात एक पाय घासला, केवढा आवाज झाला, तुला सगळं ऐकू गेलं असणार. अठ्ठेचाळीस मिनिटं तू तिथं बसून काय जपलंस, याचा विचार मी तेव्हापासून करतोय. उठलीस, चटईची घडी केलीस, मोकळ्या भिंतीकडे बघितलंस आणि मला फक्त विचारलंस, "उशीखालचा चष्मा कुटं ठेवलास?"

सोनल केक घेऊन आली तेव्हा तिचा पहिला शब्द होता, आईंना विचारलं का? मी म्हणालो, विचारलं, त्यांची काही ना नाही. तिनं विश्वास ठेवला. माझ्यावर का ठेवणार नाही? तरी ती आत येऊन तुला म्हणाली, थोडे दिवस इथं राहा, पोरांची हौस फिटली की परत पुढं आणू. तुला त्यावरून वाटलं असेल, की हे सगळं तिचंच डोकं. तू एकोणीस दिवस त्या खोलीत काढलेस, एका शब्दानं तक्रार केली नाहीस, आणि मग पिशवी भरलीस.

आणखी एक आहे, ते याहून वाईट. गेल्या पंधरवड्यात कबनूरला लग्न होतं. तू गुडघ्यामुळं आली नाहीस. पंगतीत अक्का चारचौघींत मोठ्यानं म्हणाली, "सुनंनं टीव्हीसाठी सासूची कॉट कोपऱ्यात टाकली, आणि काय बगायचं ऱ्हायलंय?" सोनल दोन पानं सोडून बसली होती. मी समोरच्या ओळीत होतो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जिलेबी मागून घेतली. परत येताना गाडीवर तिनं मागून विचारलं, आईंनी असं सांगितलं असेल का हो? त्या क्षणी बोलायचं होतं मला. मी म्हणालो, म्हातारं माणूस, बोललं असेल काहीतरी. म्हणजे तुझ्याशी केलेली लबाडी झाकायला मी तुझ्याच नावावर चहाडी घातली. त्या दिवसापासून सोनलनं तुला फोन केलेला नाही. तू फोनवर तिची चौकशी करतेस, हे मला आदितीनं सांगितलं. दोन भल्या बायका माझ्यामुळं एकमेकींवर रुसून बसल्यात आणि मी मध्ये बसून दोन्हीकडची पोळी खातोय.

खेळाचं म्हणशील तर पोरं पंधरा दिवसांत कंटाळली. तो कॅमेरा आता कपाटावर पडलाय. दिवाळीआधी केरबाला घेऊन मी कॉट परत खिडकीखाली लावली. त्यानं चहाही घेतला नाही. सोनल रोज तिच्यावरची चादर झटकते आणि कुणाला बसू देत नाही.

परवा रविवारी सोनल तुझे हिवाळ्याचे स्वेटर घेऊन जयसिंगपूरला येते आहे. मीच तिला जा म्हटलंय. हे पत्र तिच्याजवळ देणार आहे, आणि पाकीट चिकटवणार नाही. सांगणार आहे, की एसटीत बसलीस की आधी तू वाच. तिला समोर बसून सांगायची माझ्यात हिंमत नाही, हेही तिला इथंच कळू दे. तेव्हा ती अक्काच्या दारात उभी राहील ती सगळं वाचून. दार तू उघड, अक्काला उघडू देऊ नकोस. नंतर दोघींनी मिळून हे अक्काला आणि भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवा, कबनूरच्या पंगतीपर्यंत सगळं. परत ये, असं मात्र मी यात लिहीत नाही. कागदावर विचारलं तरी तुला तिथल्या तिथं उत्तर देता येणार नाही, म्हणजे तीच लबाडी पुन्हा होईल. सोमवारी मी रजा टाकली आहे. सकाळी दहाला, तुझं बस्तीत दर्शनाला जाऊन येणं, जेवण, सगळं आवरल्यावर, मी तुझ्यासमोर येऊन बसतो आणि तोंडानं विचारतो. तू नाही म्हणालीस, तर ते नाही ऐकून मी एकटा परत येईन.

तुझाच,
जिनू