बिरोबाच्या घोंगडीचं सूत

१४ फेब्रुवारी १९४४, सोमवार

हे जो कुणी वाचेल त्याला आधीच सांगते — मधल्या पानावर पोचशील तोवर हे पहिलं पान विसरलेला असशील. बाजी वाचत असेल तर नक्कीच. माझा नातू तो. पलटणीत भरती व्हायला निघाला तेव्हा ओढ्यापर्यंत जाऊन तीनदा माघारी आला. एकदा पागोट्यासाठी, एकदा भाकरीच्या फडक्यासाठी, एकदा बायकोला काही सांगायचं राहिलं म्हणून. आणि काय सांगायचं होतं ते दारात येऊन विसरला! अशाला चार वर्षांच्या हकिकती तोंडी सांगून काय उपयोग? म्हणून ही वही.

मला अक्षर येत नाही. मी सांगते, पारू लिहिते. पारू म्हणजे बाजीची बायको. भोरात मामाकडं राहून तिसरी शिकली. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. लिहू दे. मला कुठं वाचायचंय? तारीखही तीच घालते. माझ्या लेखी आज नसरापूरच्या बाजाराचा दुसरा दिवस, तेवढं पुरे.

बाजीचं असं झालं. वाळवंटात लढताना धरला गेला. तिथून बोटीनं रोमच्या मुलखात, कैदेत. दोन कार्डं आली. "खुशाल आहे. मेंढरं कशी आहेत?" मेंढरं पहिल्या ओळीत, बायको शेवटच्या. मग गेल्या दिवाळीत सरकारी कागद आला. कैदखाना फुटला, पोरं पांगली, बाजीचा ठावठिकाणा नाही. मेला असं लिहिलेलं नाही. जिता आहे असंही नाही. दोन बाजूंनी शिवलेली पिशवी, हात घालायचा कुठून?

२० फेब्रुवारी

सावळाराम मास्तर रोज सकाळी वेल्ह्याहून वर वस्तीवर येतात. पोटाच्या दुखण्यावर शेळीचं दूध सांगितलंय. एक लोटा दूध, त्याबदली एक गोष्ट, असं आमचं ठरलंय. आज म्हटलं, बाजी आहे त्या मुलखातली सांगा. कसली माणसं आहेत ती बघू.

मास्तर म्हणाले, रोमवाल्यांच्याही आधी ग्रीक. त्यांच्यात एक राजा होता, लढाई जिंकून घरी निघाला आणि दहा वर्षं वाटेत भटकला. त्याचं नाव एवढं लांब की म्हणताना माझे उरलेले दोन दात हलले. मी त्याला भटक्याच म्हणते.

तर हा भटक्या एका गुहेत शिरतो. गुहा एका एकडोळ्या राक्षसाची. पण राक्षस करतो काय? मेंढरं राखतो! प्रत्येक मेंढीचं दूध काढतो, मग तिचं कोकरू तिच्याखाली सोडतो. दूध विरजतो, टोपल्यांत भरून ओळीनं मांडतो. मी म्हटलं, मास्तर, हा राक्षस नव्हे, हा जातीचा धनगर. मास्तर म्हणाले, पण आजी, तो माणसं खातो. म्हटलं, न विचारता दुसऱ्याच्या वाड्यात शिरून दही चापलं तर आमचा थोरला दीरही हेच करता.

शेवटी भटक्या त्याचा तो एक डोळा फोडतो आणि मेंढ्याच्या पोटाला लोंबकळून बाहेर पडतो. आंधळा झालेला बिचारा सकाळी दारात बसून एकेका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवतो. आणि लाडक्या मेंढ्याला विचारतो, रोज सगळ्यांच्या पुढं असतोस, आज मागं का?

मला पुढं ऐकवेना. मास्तरांना म्हटलं, उद्या दूध घ्या, पण गोष्ट बदला.

२१ फेब्रुवारी

पारूला त्या आंधळ्याच्या विचारानं भाकर गेली नाही. तिच्या वाटची मी खाल्ली.

१२ मार्च

कुंडलिक आला. पारूचा बाप. एकटा नाही आला, पानशेताकडचा रखमाजी बरोबर. रखमाजीची बायको मागल्या साली वारली. दीडशे मेंढरं, मिशा, आणि भूक. कोंबडं कापलं. रखमाजीनं तंगड्या दोन्ही घेतल्या. कोंबड्याला तिसरी असती तर तीही गेली असती.

जेवण झाल्यावर कुंडलिकनं विषय काढला. जातीचे पंच म्हणतात, कागदाला वर्ष झालं की पारूचा पाट दुसऱ्याशी लावायला हरकत नाही. म्हणजे यंदाची दिवाळी. तोवर पोरगी माहेरी नेतो. रखमाजी खाली मान घालून दात कोरत होता.

मी म्हटलं, जेवलात, आता झोपा. झोपले. दोघंही घोरतात.

बाजीचे आईबाप पटकीत एका आठवड्यात गेले. घरात मी आणि पारू. ती गेली तर बाजी परत येऊन कुणाच्या दारात काय विसरणार? हे मी कुंडलिकला बोलले नाही. वहीला सांगते.

१३ मार्च

पाहुणे अजून हलले नाहीत. मास्तर आले, दोघांना बघून हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, आजी, भटक्याच्या घरीही हेच झालं. राजा मेला असं धरून त्याच्या राणीला मागण्या घालायला एकशे आठ जण येऊन बसले. बसले ते बसलेच. रोज बोकड कापायचे, खायचे, आणि निवड म्हणायचे आमच्यातला एक.

"एकशे आठ?"

मास्तर म्हणाले, हो, एकशे आठ. मी मनात म्हटलं, माझ्याकडं दोनच, पण रखमाजी एकटा पन्नासांना भारी.

मग राणीनं काय केलं? म्हणाली, म्हाताऱ्या सासऱ्यासाठी एक वस्त्र विणते आहे, ते झालं की ठरवते. दिवसा विणायची, लोक निजले की उसवायची. तीन वर्षं फसवलं!

मी विचारलं, ही गोष्ट किती जुनी? मास्तर म्हणाले, तीन हजार वर्षं तरी. आपली भाकर तिसऱ्या दिवशी बुरसते. गोष्ट इतकी टिकली म्हणजे तिच्यात मीठ चांगलं असणार.

मास्तरांना आज दोन लोटे दूध दिलं.

त्याच दिवशी, दुपारी

कुंडलिकला सांगितलं — बाजीसाठी मी बिरोबाला घोंगडी बोलले आहे. सूत पारूच्या हातचं. देवाचं सूत बाईनं हाती घेतलं की ते पुरं होईपर्यंत वस्तीची वेस ओलांडायची नाही. आमच्या आजेसासूपासूनची चाल.

कसली चाल! दोन घोट पाणी पिता पिता जमवली. पण कुंडलिकनं बिरोबाचं नाव ऐकून कानाला हात लावले. म्हणाला, किती दिवस लागतील? म्हटलं, देवाचं काम, घाई कशी करायची.

पारू आत्ता लिहायची थांबलीय. म्हणते, देवाच्या नावानं खोटं? म्हटलं, बिरोबा स्वतः धनगर आहे. रखमाजीचं जेवण बघितलं असतं तर त्यानंच सुचवलं असतं.

२७ मार्च

त्या ग्रीक राणीला सोपं होतं. विणलेलं उसवता येतं. आमच्यात बायका कातायच्या, विणणार सणगर. कातलेल्या सुताचा पीळ उलटा काढून बघितला. दुपारभर दोघी बसलो. सूत तुटतं, गुंततं, पण पुन्हा लोकर काही होत नाही. दूध एकदा नासलं की त्याचं पुन्हा दूध होतं का?

म्हणून आता असं ठरलं: पारू चातीवर सूत कातते, टोपलं अर्धं भरलं की मी त्यातले गुंडे काढून वरच्या वस्तीवर अंबूबाईला देते. अंबूबाई विचारत नाही, आणि फुकटचं मिळालं की मुळीच विचारत नाही.

१८ एप्रिल

माझी चाल वस्तीभर पसरली! खालच्या घरातली फुलाबाई सासूला म्हणाली, मीही देवाचं सूत धरलंय, ओढ्यापलीकडं पाण्याला जाणार नाही. सासू भांडायला माझ्याकडं आली. खरं सांगावं तर कुंडलिकला कळतं. म्हटलं, व्हय बाई, चाल आहे खरी. आता ती सासू स्वतः पाणी आणते आणि जाता-येता माझ्याकडं बघते.

७ मे

दोघं आले, जेवले. कुंडलिकनं टोपल्यात डोकावलं. एवढंच? म्हटलं, यंदा लोकर आखूड आहे. रखमाजी म्हणाला, कालवण झकास आहे. मला त्याचा राग येत नाही, हाच खरा त्रास. माणूस वाईट नाही. नुसता भुकेला आहे.

३० जुलै

बोंबललं सगळं.

३१ जुलै

काल सांगायला जीभ उचलेना. आज सांगते.

काल झड लागली होती. कुंडलिक आणि रखमाजी भिजत वर येत होते. वाटेत अंबूबाईचा नवरा गेनबा भेटला, कोऱ्या घोंगडीची खोळ करून. पाठीमागं त्याचा भाऊ, कोरी घोंगडी. त्याचा पुतण्या, कोरी घोंगडी. मी सूत दिलं, अंबूबाईनं ते सणगराकडं नेऊन तीन विणून घेतल्या! थोडं लपवावं, घरात अंथरावं, तर नाही.

तरीही निभावलं असतं. पण कुंडलिक धनगर आहे ना. त्यानं गेनबाच्या घोंगडीचा कोपरा दोन बोटांत धरून चोळला. आमच्या तांबूस-काळ्या मेंढीची लोकर. अख्ख्या वेल्ह्यात तो रंग दुसऱ्या कळपाला नाही. मीच बाजारात मिरवायचे तसं. मिरवा आणखी!

दारात येऊन म्हणाला, "सगुणाआत्या, बिरोबाला तीन अंगं कवापासून झाली?"

 आठ दिवसांनी येतो, पोरीची बोचकी बांधून ठेवा, म्हणाला. जेवला नाही. रखमाजीही नाही जेवला, पण चुलीकडं बघत बघत गेला.

२ ऑगस्ट

सकाळी मास्तरांवर तोंड टाकलं. तुमच्या राणीचं तीन वर्षं चाललं, माझं साडेचार महिन्यांत उघडं पडलं. मास्तर म्हणाले, तिचंही उघडं पडलं होतं, आजी. घरातल्याच एका दासीनं सांगून टाकलं. म्हटलं, हे आधी सांगायचं की!

पारू दूध गाळत होती. मागं न बघता म्हणाली,

"मास्तर, त्या राणीला कुणी इचारलं व्हतं का, तुला ऱ्हायचंय का जायचंय?"

मास्तरांनी लोटा खाली ठेवला.  म्हणाले, मागण्या घालणाऱ्यांनी विचारलं, कोण हवा. तिच्याच मुलानं म्हटलं, वर जा, आपलं विणकाम बघ. पण तुझा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

"मला बी कुणी न्हाई इचारलं. बानं न्हाई. आजींनी बी न्हाई."

हे शेवटचं मी सांगितलेलं नाही. तिनं आपल्या मनानं लिहिलं. वाचून दाखव म्हटलं तर वाचून दाखवलं. खोडू नकोस म्हटलं.

३ ऑगस्ट

मास्तर जाताना म्हणाले होते, तीन हजार वर्षं लोक ही गोष्ट सांगताहेत, आणि तुमची नातसून ती ऐकून नवा प्रश्न काढते. जुनं कशाला शिकवता म्हणणाऱ्यांना मी आता हेच सांगणार. मी म्हटलं, त्यांना सांगा खुशाल. मला मात्र ऐकायला नको होतं.

रात्र गेली त्यातच. माझा हट्ट आणि कुंडलिकचा हट्ट, दोन मेंढ्यांची टक्कर, आणि मध्ये ही पोर चाती फिरवत बसलेली. आज विचारलं. पारू, तुला काय पाहिजे? म्हणाली, आता विचारलंत, आता मला विचार करू द्या.

अगदी माझ्यासारखी निघाली. तरी मी तिची रक्ताची कुणी नव्हे.

७ ऑगस्ट

कुंडलिक आला. मी बोचकं बांधून ठेवलं होतं. खरंच. जायचं तर ने, राहायचं असेल तर सोडते, असं पारूलाच सांगितलं.

पारू उंबऱ्यात उभी राहिली. बापासमोर कधी मान वर न केलेली पोर.

"बा, दिवाळीपतुर म्या ऱ्हाते. देवाचं सूत खरं कातते, कुणाला न देता. मग ऱ्हायचं का जायचं ते माजं मी सांगीन. तवा तुमी दोगं बी आडवं यायचं न्हाई."

दोघं म्हणजे कुंडलिक आणि मी. तिनं बोट आमच्या दोघांकडंही केलं.

कुंडलिक लाल झाला. काही बोलणार तेवढ्यात रखमाजीच म्हणाला, मला काय घाई नाही, आणि विचारून आलेली बाई बरी, आणून टाकलेली नको. इतकं मोठं वाक्य त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. कोंबडं कापलं. या वेळी एक तंगडी मी स्वतः त्याच्या पानात वाढली.

१० सप्टेंबर

पारू कातते. टोपलं भरत आलं. मी त्याला हात लावत नाही. काय ठरवलंस विचारायची चोरी! मी बोलायला तोंड उघडलं की ती चाती फिरवते आणि गालात हसते. हे लिहितानाही हसतेय.

२४ सप्टेंबर

मास्तरांना विचारलं, भटक्या पोचला का शेवटी घरी? म्हणाले, पोचला. म्हटलं, बरं झालं. आणि राणीचं टोपलं पुरं भरलं असतं, आणि तो पोचलाच नसता, तर? मास्तर दूध पिऊन गेले.

सूत पुरं झालं आज. चांगलं एकसारखं आहे. दिवाळीला तीन आठवडे.

६ ऑक्टोबर

बाजीचं पत्र. स्वतःच्या हातचं. कैदेतून पळाला तो नऊ महिने रोमपलीकडच्या डोंगरात एका मेंढपाळ म्हातारीनं लपवला. लोकरीच्या ढिगामागं निजवायची, शिपाई आले की कुत्री सोडायची. आपल्या मुलाचे कपडे तिनं ह्याच्या अंगात घातले. तो मुलगा वाळवंटात मेला होता — आपल्याच पलटणींशी लढताना. आणि बाजी त्याच पलटणींतला, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

बाजी अजून तिकडंच तळावर आहे, बोट मिळाली की निघेल. पारूनं काय ठरवलं ते मी विचारलं नाही. तीच उठली आणि म्हणाली, लाडू मी वळते.

मास्तर पत्ता लिहितील. गाठोडं बाजीच्या नावानं जाईल, पण वर ठळक लिहायचं की हे त्याच्यासाठी नाही, त्या म्हातारीसाठी आहे. तिळाचे लाडू बांधा, गूळ जास्त घालून. नाचणीचे पापड, वरईचे तांदूळ. तूप नको, तिच्या घरी दुभतं आहे. लसणाची चटणी वेगळ्या फडक्यात बांधा, आणि बाजीला लिहा, तिला पहिल्यांदा नखभरच दे.