आठशेवरचा तिसरा सूर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. कडक माणसाची कुठेतरी नोंद राहायला हवी.
साडूने डिझाइन केलेलं कानाचं नवीन मशीन तपासणीला माझ्याकडे आलं. दोनशे नग. साडू आहे म्हणून सूट नाही. साडू आहे म्हणून जास्त कडक, असंही नाही. थोडंसं.
यातलं पहिलं पास झालेलं मशीन सासऱ्यांना द्यायचं ठरलंय. सध्या त्यांना चहा हवा का विचारलं की वरच्या मजल्यावरून शेजाऱ्यांचं उत्तर येतं.

मंगळवार, ४ मार्च
दोन सुरांची टेस्ट. बंद पेटीत मशीन ठेवायचं, हजार हर्ट्झचा आणि बाराशेचा सूर एकदम सोडायचा. मशीन प्रामाणिक असेल तर दोनच सूर बाहेर पडतात. पहिल्याच नगात आठशेवर तिसरा. पकडला. मनात गुदगुल्या. चेहरा गंभीर ठेवला.

बुधवार, ५ मार्च
दहा नग, दहाही नापास. तिसरा सूर प्रत्येकात तेवढाच. टेक्निशियन बाई म्हणाल्या, सर, एकदा मशीन न ठेवता रिकाम्या पेटीत बघू या का? म्हटलं, रिकाम्या पेटीत काय मोजणार, हवा? त्या हसल्या नाहीत. काहींना विनोद उशिरा कळतो.

गुरुवार, ६ मार्च
साडूचा फोन. म्हणाला, आमच्याकडे तिसरा सूर दिसत नाही. म्हटलं, त्याला तशी नजर लागते. फोन ठेवला. त्याने.
जेवताना बायको म्हणाली, बाबांना आत्ता काहीच ऐकू येत नाही, त्यापेक्षा एक सूर जास्त आला तर काय बिघडलं? तांत्रिकदृष्ट्या साफ चूक. आणखी भात वाढून घेतला.

शनिवार, ८ मार्च. दुपारी ४
दोनशेच्या दोनशे नापास. रिपोर्ट चौतीस पानी, मुखपृष्ठ रंगीत. बाईंनी पुन्हा रिकाम्या पेटीचा विषय काढला. वेळ नाही म्हटलं. मुखपृष्ठाला दीड तास गेला होता.
निश्चय: प्रमोशन मिळालं तरी साडूशी पूर्वीसारखंच वागायचं.

रविवार, ९ मार्च
मुलीने आजोबांना शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. दुसऱ्याच कडव्यात त्यांनी संपलं समजून टाळ्या वाजवल्या. ती गाणं तिथेच सोडून खाली बसली. मग त्यांच्याही लक्षात आलं. फार वाईट वाटलं. साडूचा रागच आला.

सोमवार, १० मार्च
मीटिंग. साडू समोर. मॅनेजरांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, रिकाम्या पेटीचं रीडिंग कुठल्या पानावर आहे? पाणी प्यायलो. उद्या जोडतो म्हटलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मंगळवार, ११ मार्च. सकाळी १०.१५
रिकामी पेटी. आठशेवर तिसरा सूर. तेवढाच.
१०.२०: हवेत दमटपणा असावा.
१०.३५: नाही.
११.००: बाईंनी पेटीचं झाकण उघडलं. दोन सुरांना दोन वेगळे स्पीकर लागतात. एकाच स्पीकरमध्ये दोन्ही घुसवले की तो स्वतःच तिसरा तयार करतो. इथे दोन्ही एकाच स्पीकरला जोडलेले. जोडणी कोणाची, हे बाईंनी विचारलं नाही. वायरींचा पसारा दिसू नये म्हणून मी केली होती. व्यवस्थितपणाची किंमत मोजावी लागते.

बुधवार, १२ मार्च
बाईंनी दुसरा स्पीकर जोडला. एकशे अठ्ठ्याण्णव पास. उरलेल्या दोन नापास नगांवर मी ठाम राहिलो. संध्याकाळी कळलं, त्या दोन नगांत बॅटरीच नव्हती.
साडूला फोन केला. माफी मागायची होती. टेस्टिंगमधल्या आव्हानांवर बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, उद्या मशीन घेऊन येतो.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी ६.३०
साडूने स्वतः सासऱ्यांच्या कानात मशीन बसवलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. म्हणाले, हा आवाज करतो होय. बायकोने डोळे पुसले. मीही, चष्म्याच्या निमित्ताने.
मग त्यांना या कामातली माझी भूमिका समजावून सांगितली. पहिल्या दिवसापासून, क्रमाने. पंचवीसेक मिनिटं. त्यांनी एकाग्रतेने ऐकलं. मी मीटिंगपर्यंत आलो तेव्हा बायकोला म्हणाले, जावईबापू पहिल्यापासून एवढं बोलतात का? ती म्हणाली, हो.
त्यांनी मशीन कानातून काढून डबीत ठेवलं.
बॅटरी वाचवत असावेत.